भाव सांगता, तर भावाचं कारणही सांगू द्या

वाचकहो, एक साधा प्रश्न विचारतो. कांद्यावरच्या फुलकिड्यांना काय फवारावे, हे आपल्या भागातला छोटा रेडिओ सांगू शकतो. जांभळा करपा कसा ओळखावा, हेही सांगू शकतो. आज बाजार समितीत कांदा काय भावाने गेला, तेही सांगतो. पण तोच कांदा एका रात्रीत का पडला, निर्यात कुणी थांबवली, का थांबवली, आणि ते बरोबर झाले की चूक, यावर चार शेतकरी, एक व्यापारी आणि एक जाणकार बसवून चर्चा करायची म्हटली, तर ती त्याला करता येत नाही. गावच्या सामुदायिक रेडिओलाही नाही आणि शहरातल्या खासगी एफएम वाहिनीलाही नाही. नियमानेच मनाई आहे.

म्हणजे भाव सांगायचा, कारण सांगायचे नाही. डॉक्टरने ताप किती ते सांगावे आणि कशाने आला ते विचारू नका म्हणावे, तसा हा प्रकार.

मी कृषी खात्यात गावपातळीवर काम करतो. कृषी पदविका घेतली, नोकरी लागली आणि तेव्हापासून बांधावर, पारावर नि शेतीशाळेत बोलण्यातच दिवस जातो. खरीप तोंडावर आला की उगवणक्षमता तपासा, बीजप्रक्रिया करा, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय चाड्यावर मूठ धरू नका, हेच सांगत फिरायचे. लोक ऐकून घेतात, चांगले ऐकतात. आणि माझे बोलून झाले की मागच्या रांगेतून ठरलेला प्रश्न येतो : "साहेब, तुम्ही म्हणता तसं पेरतो. पण विकायच्या टायमाला भावाचं काय?"

यावर माझ्याकडे घडीपत्रिका नसते. शेतकऱ्याचे नुकसान दोन वाटांनी येते. एक वाट शेतातून येते : कीड, रोग, पावसाचा खंड. दुसरी वाट कागदावरून येते : निर्यातीचा आदेश, आयात शुल्क, खरेदी केंद्राची अट. पहिल्या वाटेवर विद्यापीठ आहे, कृषी विज्ञान केंद्र आहे, आम्ही आहोत. दुसऱ्या वाटेवर काय चाललेय ते शेतकऱ्याला त्याच्या बोलीत समजावून सांगणारे आणि त्याचा उलट प्रश्न ऐकून घेणारे ठिकाण फार कमी आहे. ते काम जवळचा रेडिओ करू शकतो. म्हणून आजचा हा लेखनप्रपंच.

रेडिओच का?

तुम्ही म्हणाल, आता हातोहाती मोबाईल आहे, घरोघरी टीव्ही आहे, रेडिओ कोण ऐकतो? जरा गोठ्यात डोकावून बघा. धार काढणाऱ्या माणसाचे दोन्ही हात गुंतलेले असतात. खुरपणाऱ्या बाईला पडद्याकडे बघत बसता येत नाही. रात्रपाळीच्या विजेवर पाणी द्यायला गेलेल्या माणसाला सोबत म्हणून आवाजच लागतो. वाचता येत नाही अशा म्हाताऱ्या माणसालाही रेडिओ कळतो. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने मोबाईल कंपन्यांना फोनमधली एफएम सोय बंद ठेवू नका अशी सूचना दिली, त्यातही आपत्तीच्या काळात रेडिओ उपयोगी पडतो हे एक कारण होतेच.

आणि मोबाईलवर जे येते त्याची गत तुम्हांला ठाऊक आहे. "सरकारने अमुक बंद केले", "तमुक तारखेपासून खरेदी सुरू", असे निरोप फिरतात. कुणी लिहिले, कधी लिहिले, पत्ता नसतो. तीन वर्षांपूर्वीचा निरोप काल आल्यासारखा पुढे ढकलला जातो आणि त्यावर विसंबून माणूस ट्रॅक्टर भरून निघतो. रेडिओवर बोलणाऱ्याला नाव असते, केंद्राला पत्ता असतो. चुकीचे बोलला तर दुसऱ्या दिवशी जाऊन जाब विचारता येतो.

आता टीव्हीचे बघा. चर्चा तिथे रोज रात्री होते, नाही असे नाही. पण ती आपल्या तालुक्याची नसते. मुंबई-दिल्लीचे चार प्रवक्ते एकाच वेळी ओरडतात, आणि आपल्या पाणीवाटपाचे, आपल्या खरेदी केंद्राचे त्यात एक अक्षर नसते.

माहिती कुठे संपते?

नियम काय आहे ते नीट समजून घेऊ. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले. त्या आधी रेडिओ म्हणजे फक्त आकाशवाणी. पुढे २००१ पासून खासगी एफएम आले. २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रांनाही सामुदायिक रेडिओची दारे उघडली. आज देशात अशी पाचशेहून अधिक केंद्रे आहेत. माणदेशात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी आहे, जत तालुक्यात जालिहाळला येरळावाणी आहे. प्रक्षेपणाची ताकद साधारण शंभर वॅट, पोहोच आजूबाजूच्या दहा-पंधरा किलोमीटरची. म्हणजे आठवडे बाजाराला जेवढी गावे येतात, साधारण तेवढीच.

पण दार उघडताना एक साखळीही लावून ठेवली. बातम्या, चालू घडामोडी आणि राजकीय स्वरूपाचे कार्यक्रम करायचे नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या हव्या तर जशाच्या तशा लावा, त्यात कानामात्रा बदलू नका. हवामान, वाहतूक, वीज-पाण्याची सूचना, परीक्षांचे निकाल, नोकरीच्या जागा, प्रशासनाने दिलेला आपत्तीचा इशारा, हे सांगायला मुभा आहे, कारण ती 'माहिती' समजली जाते.

आता माहिती कुठे संपते आणि घडामोड कुठे सुरू होते, हे तुम्हीच सांगा. तीन उदाहरणे देतो.

पहिले कांद्याचे. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागले. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली. ती मार्चअखेर उठेल म्हणून लोक थांबले, तर मुदत वाढली. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क राहिले. सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून ते गेले. पावणेदोन वर्षांत इतके फेरे. प्रत्येक फेऱ्याला शेतकऱ्याला एकच गोष्ट ठरवायची होती : चाळीतला माल काढू की ठेवू? त्याचे उत्तर फुलकिड्यांच्या घडीपत्रिकेत नव्हते.

दुसरे सोयाबीनचे. २०२४-२५ च्या हंगामाला हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल होता आणि राज्यातल्या कितीतरी बाजार समित्यांत माल त्याखाली विकला जात होता. सरकारी खरेदीला १२ टक्के ओलाव्याची अट. परतीच्या पावसाने भिजलेला माल केंद्रावरून परत येत होता. नोव्हेंबरमध्ये ही मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत सैल झाली. अट सैल झाली हे सांगणे ही माहिती. ती आधीच का झाली नाही, तोवर ज्यांनी माल व्यापाऱ्याला घातला त्यांचे काय, हे विचारणे झाली घडामोड. पहिले वाक्य बोलता येते, दुसरे घशात अडकते.

तिसरे उदाहरण जिवाचे आहे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली, शेकडो दवाखान्यात गेली. त्यानंतर हातमोजे घाला, तोंडाला फडके बांधा, वाऱ्याच्या उलट दिशेला फवारू नका, हे आम्ही हजार वेळा सांगितले. सांगितलेच पाहिजे. पण मजुराला हातमोजे कुणी द्यायचे? दुकानात दोन-तीन औषधे एकत्र करून द्यायला कुणी सांगितले? जवळच्या दवाखान्यात उतारा का नव्हता? हे प्रश्न विचारल्याशिवाय पुढचा जीव वाचत नाही. सगळा भार एकट्या मजुराच्या सावधपणावर टाकून मोकळे होता येत नाही.

मी सरकारी नोकर आहे. निर्यातबंदी योग्य होती की अयोग्य, हे मी इथे सांगणार नाही, ते माझे काम नव्हे. शहरातल्या गिऱ्हाईकालाही कांदा परवडला पाहिजे, ही बाजू आहेच. तीही रेडिओवर यावी. माझे म्हणणे इतकेच, की ज्याच्या चाळीत माल आहे त्याला दोन्ही बाजू त्याच्या गावात, त्याच्या भाषेत ऐकायला मिळाव्यात.

पुण्याने हे करून दाखवले होते

हे काही नवे खूळ नाही. कॅनडात १९४१ साली शेतकऱ्यांचा राष्ट्रीय रेडिओ मंच सुरू झाला. शेजारपाजारची कुटुंबे एका घरी जमायची, आधी छापील पत्रक वाचायची, मग कार्यक्रम ऐकायची, मग वाद घालायची आणि आपले म्हणणे पत्राने केंद्राला कळवायची. हे १९६५ पर्यंत चालले.

तोच धडा १९५६ साली आपल्या मातीत गिरवला गेला. युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत रेडिओ शेतकरी मंडळे उभी केली. एका मंडळात वीसेक माणसे. आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे वीस कार्यक्रम झाले. ऐका, चर्चा करा, कृती करा, हे त्याचे सूत्र होते. मंडळांकडून आलेल्या शंकांना पुढच्या कार्यक्रमांतून उत्तरे मिळत. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने पॉल न्यूरॅथ यांनी त्याची पाहणी केली. मंडळे असलेल्या गावांत लोकांची माहिती इतर गावांपेक्षा बरीच जास्त वाढली, असे त्यांना दिसले. त्याहून मोठी गोष्ट अशी, की ही मंडळे गावाचे निर्णय घेऊ लागली आणि काही कामांत निवडून आलेल्या पंचायतीपेक्षाही पुढे गेली.

लक्षात घ्या, तेव्हा गावात एक रेडिओ संच असायचा, तोही पंचायतीच्या कपाटात. तरी हे घडले, कारण ऐकून झाल्यावर बोलायला जागा होती. पुढे तीन वर्षांनी ही मंडळे देशभर न्यायचे ठरले, पण कालांतराने उत्साह ओसरला. संच घरोघरी आले आणि बोलणे एका बाजूने राहिले. आकाशवाणीला आम्ही गावाकडची माणसे खूप देणे लागतो. 'माझं घर माझं शेत' ऐकत पिढ्या वाढल्या. 'पुन्हा प्रपंच'मधल्या टेकाडे भावजींनी आणि मीनावहिनींनी महागाईपासून रांगेपर्यंत सगळ्यावर हसत हसत बोट ठेवले, आणि त्याने काही आभाळ कोसळले नाही. पण पत्र पाठवून उत्तराची वाट बघणे आणि आपल्याच तालुक्यातल्या केंद्रात बसून अधिकाऱ्याला समोरासमोर विचारणे, यात फरक आहे.

हरकती आहेत, त्यांचेही ऐकू

पहिली हरकत : रेडिओवर राजकारण आले तर गावात भांडणे लागतील. रवांडाचे उदाहरण देतात, आणि ते खरे आहे. १९९४ साली तिथल्या एका रेडिओ केंद्राने माणसांना माणसांच्या जिवावर उठवले. ही गोष्ट विसरून चालणार नाही. पण ते केंद्र सत्तेतल्या कडव्या लोकांच्या पाठबळावर चालत होते. ते गावाचे, गावाच्या नजरेखालचे व्यासपीठ नव्हते. आणि भडकवणाऱ्या बोलण्याला कायद्याने आजही बंदी आहे, ती तशीच राहावी. चिथावणी आणि चर्चा यांत फरक करता येतो. वर्तमानपत्रे रोज करतात. हेच पान बघा ना.

दुसरी हरकत : पुढारी केंद्र ताब्यात घेतील. ही भीती मला जास्त वाटते, कारण गावातली प्रत्येक संस्था कुणाच्या ना कुणाच्या ताब्यात जाते हे आपण बघतो. पण सामुदायिक रेडिओचा परवाना राजकीय पक्षाला किंवा त्याच्याशी जोडलेल्या संस्थेला मिळत नाही, हा नियम आधीच आहे. झालेले कार्यक्रम तीन महिने जपून ठेवावे लागतात. हे दोन खांब उभेच आहेत, त्यांवर आणखी एक तुळई टाकता येईल : ज्याच्यावर टीका झाली त्याला त्याच वेळेला, तेवढाच वेळ उत्तराला द्यायचा. आचारसंहितेच्या काळात नियम आणखी कडक करा.

तिसरी हरकत : एवढ्या केंद्रांवर लक्ष कोण ठेवणार? वाचकहो, टीव्हीच्या शेकडो वृत्तवाहिन्यांवर, मोबाईलवरच्या लाखो निरोपांवर लक्ष ठेवता येते आणि दहा मैलांत ऐकू येणाऱ्या शंभर वॅटच्या केंद्रावर ठेवता येत नाही? दूरसंचार नियामक प्राधिकरणाने सप्टेंबर २०२३ मध्ये स्वतःच शिफारस केली, की खासगी एफएमला तासाला दहा मिनिटे बातम्या आणि चालू घडामोडींना द्यावीत. शहरातल्या वाहिनीला दहा मिनिटे द्यावीत असे नियामकाला वाटते, तर खेड्यातल्या केंद्राने काय घोडे मारले?

शेजारी नेपाळ बघा. काठमांडूत १९९७ साली रेडिओ सगरमाथा सुरू झाले आणि पुढे डोंगराडोंगरांत स्थानिक केंद्रे निघाली. ती बातम्या देतात, चर्चा करतात. फेब्रुवारी २००५ मध्ये राजाने सत्ता हातात घेतली तेव्हा एफएमवरच्या बातम्या बंद केल्या. केंद्रे कोर्टात गेली आणि त्याच वर्षी त्यांना दिलासा मिळाला. आपल्याहून लहान आणि गरीब देशाला हे पेलले.

मग आपण काय करायचे?

नियम बदलणे तुमच्या-माझ्या हातात नाही, पण मागणी करणे आहे. मागणीने फरक पडतो. जून २०२३ मध्ये आकाशवाणी पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग हलवण्याचा निर्णय निघाला, लोकांनी आवाज उठवला आणि निर्णय थांबला. ऐकणारे गप्प राहिले असते तर सकाळच्या पुण्याच्या बातम्या इतिहासजमा झाल्या असत्या.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. सामुदायिक रेडिओला आठवड्यातून एक तास स्थानिक सार्वजनिक प्रश्नांवरच्या चर्चेला द्यावा. विषय त्या भागाचा असावा : पाण्याचे आवर्तन, पीकविम्याची भरपाई, खरेदी केंद्र, शाळा, दवाखाना, आणि आपल्या पिकाला लागू होणारा सरकारी निर्णय. दोन्ही बाजूंची माणसे असावीत. संबंधित खात्याच्या अधिकाऱ्याने उत्तराला यावे असे वरूनच लेखी असावे. हे मी मुद्दाम सांगतो, कारण वरून परवानगी नसली की आमच्यासारख्याला तोंड उघडता येत नाही, आणि लोकांना वाटते साहेब टाळतोय.

नियम बदलेपर्यंतही हात बांधून बसायचे कारण नाही. जुनी मंडळे पुन्हा जमवता येतात. सकाळी दूध घालायला डेअरीवर पन्नास माणसे येतात. तिथे रेडिओ लावा, प्रादेशिक बातम्या नि शेतीचा कार्यक्रम सगळ्यांनी मिळून ऐका आणि नंतर पंधरा मिनिटे बोला. ते बोलणे कुणीच बंद केलेले नाही. शंका निघाली की एका मुलाला वहीत उतरवू द्या. शेतीची असेल तर किसान कॉल सेंटरला १८००-१८०-१५५१ वर फोन करा किंवा आम्हांला विचारा. कारभाराची असेल तर ग्रामसभेत मांडा. बायकांचे वेगळे मंडळ करा, कारण डेअरीवर पुरुष येतात आणि गोठ्यातले काम बहुतेक त्यांच्याकडे असते. आकाशवाणीच्या फोन-इन कार्यक्रमात केवळ गाण्याची फर्माईश करू नका, प्रश्न विचारा. तुमच्या भागात सामुदायिक केंद्र असेल तर त्यांच्याकडे जा आणि आम्हांला काय ऐकायचेय ते सांगा. जे करायला मुभा आहे तेवढे तरी ते पूर्ण वापरतात का, हेही विचारा.

आणि येत्या ग्रामसभेत एक ठराव घ्या. चार ओळी पुरेत : आमच्या भागाच्या रेडिओला आमच्या प्रश्नांवर दोन्ही बाजूंनी चर्चा करण्याची परवानगी मिळावी. एक प्रत माहिती व प्रसारण मंत्रालयाला, एक खासदारांना, आणि एक या वर्तमानपत्राला पाठवा. खासदार कुठल्या पक्षाचा आहे ते बघू नका. ठरावावर जितक्या जास्त गावांचे शिक्के असतील, तितके त्याला वजन येईल.